आप्पांच्या पंचाहत्तरीचं कार्ड : प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५, शनिवार

संक्रांत झाली, तीळगूळ संपला, उरले ते पतंगाच्या कागदाचे अकरा ताव. चिऊने हट्टाने आणले होते, स्वतः पतंग करणार म्हणून. केला एक, तो गच्चीच्या कठड्यापलीकडे गेला नाही. आज कपाट आवरताना ताव हाताला लागले आणि आप्पांचा वाढदिवस आठवला.

आप्पांच्या वाढदिवसाची भानगड अशी. शाळेच्या दाखल्यावर १ जून. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असतो, गुरुजींनी नाव घालताना सोयीची तारीख टाकलेली. खरा जन्म महाशिवरात्रीचा, नावही त्यावरूनच ठेवलेलं. घरी वाढदिवस तिथीनेच, म्हणजे दर वर्षी उपवास. चौऱ्याहत्तर वाढदिवस झाले, एकदाही केक नाही. भगर, शेंगदाण्याची आमटी, फळं, झालं. यंदा पंचाहत्तरी. महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला, बुधवारी.

कार्ड करू, असं मी म्हटलं. चिऊ म्हणाली, "केकचं करू. खाता नाही आला तरी बघतील." मग तिचं तिनेच फिरवलं, "नको, चिडवल्यासारखं होईल. फळांचं करू. उपवासाला चालतात."

मापं : ए-फोर कार्डशीट मधोमध दुमडायची, बंद कार्ड १४८ बाय २१० मिलिमीटर. छापील चित्रं चिकटवायची नाहीत. हातात ३९ दिवस आहेत, पण कामाचे म्हणाल तर शनिवार-रविवारच.

१९ जानेवारी, रविवार

चिऊने कच्चं चित्र काढलं. मधोमध द्राक्षांचा घड, रंग जांभळा.

"आप्पांच्या बागेत कुठल्या रंगाची द्राक्षं असतात?"
"हिरवी."
"मग ही जांभळी का?"
"द्राक्षं काढायची म्हटलं की जांभळीच काढतात ना."

तिला काय बोलणार! भिंतीवरच्या तक्त्यात जांभळी, रंगवायच्या पुस्तकात जांभळी, जॅमच्या बाटलीवर जांभळी. नाशिक जिल्ह्यात काळी द्राक्षं होत नाहीत असं नाही, शरद सीडलेस आहेच, पण आप्पांची बाग हिरव्या थॉम्सन जातीची. थॉम्सनवाल्याच्या नातीने जांभळा घड दिला तर आप्पा काही बोलणार नाहीत, फक्त चष्मा वर करून बघतील. ते जास्त लागतं.

चित्रात अजून लालभडक सफरचंद होतं (अर्थात एक पान लावलेलं), किवी होतं, अननस होतं. म्हणजे रंगपेटी आधी उघडली होती आणि फळं मागून आली होती. आज एकच नियम ठरला. फळ हातात घेऊन बघितल्याशिवाय कागदाला कात्री लावायची नाही. अननस या नियमात आपोआप गेलं, महाग आहे.

२६ जानेवारी, रविवार

शाळेचं झेंडावंदन उरकून थेट पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, आप्पांकडे. चिऊने वही घेतली होती. कार्डाचं गुपित ठेवायचं म्हणून "शाळेचा प्रकल्प आहे" असं सांगितलं. आप्पांना शाळेचा प्रकल्प म्हटलं की कुणालाही माहिती द्यायची असते.

बागेत शिरलो आणि चिऊ थबकली. घड दिसेचनात. सगळीकडे वर्तमानपत्रं लटकलेली. एकेका घडाभोवती कागद गुंडाळलेला, वर स्टेपलरची पिन. मी लहानपणापासून बघितलंय, म्हणून तिला सांगायचं कधी सुचलंच नव्हतं. रात्री कडाक्याची थंडी आणि दिवसा ऊन लागलं की हिरवे मणी गुलाबट पडतात. पिंक बेरी म्हणतात त्याला. तसा माल कुणी घेत नाही. म्हणून ऐन थंडीत घडाला कागद लावतात.

आप्पांनी एक पिन काढून कागद बाजूला केला. आतला घड उजेडात आला तेव्हा चिऊच्या तोंडून "हां" निघालं. कार्ड तिथेच ठरलं. वरच्या पानावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला घड. कागद उघडला की द्राक्षं.

मणी जवळून बघितला. हिरवा म्हणतो आपण, पण उन्हाच्या बाजूला तो पिवळसर असतो, जवळजवळ मधासारखा, आणि सावलीकडे पोपटी. त्यावर मेणासारखा पांढरट थर. बोट फिरवलं की तेवढा पट्टा चकचकीत होतो आणि मणी एकदम ओलाच वाटायला लागतो. आतली शीर उजेडाला धरल्यावर दिसते. आकार गोल नाही, किंचित लांबट. आप्पांनी मणी मोजायची प्लास्टिकची पट्टी दाखवली, वेगवेगळ्या मापाची गोल भोकं असलेली. त्यांनी एक मणी त्यात घालून बघितला, "सोळा भरतो. अजून फुगेल."

चिऊच्या वहीतलं जसंच्या तसं : "पानाला पाच टोकं. कडा करवतीसारखी. घड नेहमी पानाच्या समोरच्या बाजूला येतो, पानाच्या बगलेत नाही. घड नसेल तिथे ताण (वेलीचा धागा) असतो, स्प्रिंगसारखा."

येताना शिळे पेपर मागून घेतले. आप्पा म्हणाले, "तुमच्या जेलरोडला पेपर मिळत नाही का?"

१ फेब्रुवारी, शनिवार

खरेदी. बसने नाशकात, रविवार कारंज्याला उतरून मेनरोड. कार्डशीट पांढरी ए-फोर, पाच. घोटीव कागद. पाच-अष्टमांश इंचाचा गोल पंच मिळाला, म्हणजे जवळजवळ बरोबर सोळा मिलिमीटर. दुकानदार पाव इंचाचा गळ्यात मारत होता, "द्राक्षं ना, मग हा घ्या." मी म्हटलं सोळा भरले पाहिजेत. त्याला कळलं नाही, चिऊ मात्र हसली.

फेव्हिकॉल, फोम टेप, दोन बाजूंनी चिकटणारी साधी टेप. क्विलिंगच्या पट्ट्या घ्यायचा मोह आवरला. गोल गोल गुंडाळलेल्या पट्ट्यांचे घड फार बघितलेत, सगळे जिलेबीसारखे दिसतात.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिलाच फटका. कार्डशीट दुमडली तर घडीवर वरचा थर तडकला, आतले पांढरे तंतू वर आले. दुसरी शीट सावकाश दुमडली, पट्टीने दाबून, तीही तडकली. तिसरी चिऊने, तिच्या मते मी चुकत होते म्हणून. ती तर सगळ्यात जास्त.

खालच्या मजल्यावरचे काका प्रेसमधून रिटायर झालेले. आमच्या नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं की एक तर नोटांचा नाहीतर स्टँपांचा, तिसरा अर्थ नाही. आयुष्यभर कागद हाताळलेला माणूस. त्यांनी शीट हातात घेतली, आधी लांबीने वाकवली, मग रुंदीने, आणि म्हणाले, "उलट दुमडताय."

कागदाला ग्रेन असतो. कागद तयार होताना लगद्यातले तंतू मशीन धावतं त्या दिशेने ओळीत बसतात. तंतूंच्या दिशेने घडी घातली तर कागद वाकतो, तंतू आडवे आले तर मोडतो. बाजारातल्या ए-फोर शीटमध्ये ते बहुतेक लांब बाजूने असतात आणि आपली मधली घडी बरोबर त्यांना छेद देते. वर्तमानपत्र घेऊन त्यांनी दाखवलंही. वरून खाली फाडलं की सरळ पट्टी निघाली, आडवं फाडलं तर वाट्टेल तसं वेडंवाकडं गेलं. इतकी वर्षं रद्दी फाडतेय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

उपाय : मोठी शीट, २२ बाय २८ इंचाची, कोपऱ्यावर मिळाली. दोन्ही दिशांनी वाकवून ग्रेन ओळखला आणि २९६ बाय २१० चा तुकडा असा कापला की घडी तंतूंच्या बाजूने यावी. घडीच्या जागी आधी संपलेल्या रिफिलने पट्टी धरून रेघ ओढली, दाब देऊन. मग दुमडलं. सुरीने कापल्यासारखी घडी.

काकांना चहा पाजला. त्यांनी तीन तडकलेल्या शीट नेल्या, पुठ्ठ्याला लावायला होतील म्हणाले.

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसातून हाफ डे टाकून गंगेवर, बुधवारच्या बाजारात. (बाहेरच्यांसाठी : गोदावरीला नाशकात गंगाच म्हणतात.) कवठ शोधत होते. महाशिवरात्रीला कवठ हवंच, आप्पांकडे गूळ घालून चटणी होते. त्यामुळे कार्डावरही ते हवं. तीन आठवडे आधी मिळेल का शंका होती, पण एका म्हातारीकडे पाटीत सात-आठ होती. वास घेऊन एक पिकलेलं घेतलं.

डाळिंब घेतलं, भगवा, विकणारा सटाण्याकडचं म्हणाला. स्ट्रॉबेरी सुरगाण्याकडची, चिऊच्या हट्टापायी. पेरू घेतला होता, तो बसमध्येच संपला. पेरू रद्द.

८ फेब्रुवारी, शनिवार

घड. आजचा अख्खा दिवस.

साध्या हिरव्या घोटीव कागदाचे गोल लावून बघितले. घड कुठला, पोस्टरवरचा वाटाणा. द्राक्षात आतून उजेड येतो, तो कसा आणायचा? इथे पतंगाचा कागद कामाला आला. खाली फिकट पिवळ्या कार्डशीटचा गोल, त्यावर पोपटी पतंगी कागदाचा एक थर, सावलीच्या बाजूला त्याच कागदाची अर्धी चकती आणखी एक. दोन थर जिथे एकावर एक येतात तिथे गडद, जिथे एकच तिथे पिवळा आतून दिसतो. खिडकीपाशी धरलं आणि आम्ही दोघी गप्प बसलो. बागेतला मणीच.

मण्यांचा गोलपणा घालवायला चिऊने प्रत्येक चकतीच्या दोन्ही कडा केसभर छाटल्या. एकूण ३७ मणी. विसाव्या मण्यानंतर तिने मोजणं थांबवलं आणि गाणी लावली.

मांडणी आधी न चिकटवता केली. वर रुंद, खाली निमुळता, हे सगळ्यांना माहीत असतं, पण खांद्याला एक छोटी फांदी बाजूला निघालेली असली की घड खरा वाटतो. मधले सात मणी फोम टेपवर उचलले, बाकी सपाट.

९ फेब्रुवारी, रविवार

फेव्हिकॉलचा दिवस, म्हणजे वाईट दिवस.

काल रात्री उरलेले मणी जरा सढळ हाताने चिकटवले. सकाळी बघते तर वरच्या पानाला पाणी पिऊन सुरकुत्या, आणि पतंगी कागदाचा हिरवा रंग फुटून पांढऱ्यावर ओघळ. माझी बोटं हिरवी, ओट्याची कड हिरवी, चिऊच्या गालावर एक हिरवं बोट.

पतंगाच्या कागदाचा रंग पक्का नसतो, जरा ओल लागली की सुटतो. हे कुठल्याही पोराला माहीत असतं, पतंग पावसात सापडला की हात रंगतात. मीच विसरले.

पान पुन्हा केलं. यावेळी फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकावर, प्रत्येक मण्याला मधोमध एकच ठिपका. कडा मोकळ्या. वर कोरा कागद आणि त्यावर पाच किलोचा तांदळाचा डबा, रात्रभर. सत्तावीस मणी जुन्या पानावरून सोडवता आले, दहा नवे करावे लागले. पुन्हा गाणी.

बिघडलेलं पान टाकलं नाही. तो ओघळलेला रंग बघून एक डोक्यात आलंय, डाळिंबाला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही. चिऊचा गणिताचा पेपर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डाळिंब चिरलं. चिऊच्या चित्रात दाणे मक्याच्या कणसासारखे ओळीत होते. खऱ्यात कप्पे असतात, मध्ये पिवळसर पातळ पडदे, आणि दाणे एकमेकांना रेटून बसलेले, म्हणून प्रत्येकाला कोपरे आलेले. गोल दाणा एकही नाही.

लाल पतंगी कागदाचे बारके तुकडे ओल्या बोटाने मळून कोपरेदार खडे केले. रंग फुटू द्यायचा, हीच युक्ती. ओले खडे क्रीम रंगाच्या कागदावर ठेवून दाबले की भोवती गुलाबी डाग पडतो, थेट रस लागल्यासारखा. रविवारी जे नुकसान झालं तेच इथे मुद्दाम केलं. वाळल्यावर खडे उचलून त्याच डागावर नेमके चिकटवले. टोकाचा मुकुट नारिंगी-लाल घोटीव कागदाचा, सहा पाकळ्या.

सोलायला घेतलेलं डाळिंब कामाच्या नादात निम्मं अभ्यासिकेने खाल्लं. अभ्यासिका म्हणजे चिऊ.

स्ट्रॉबेरी दहा मिनिटांत झाली. लाल कागद, पांढऱ्या पेनने बिया. तिच्या अंगावरच्या त्या बिया म्हणजेच तिची खरी फळं, असं मी सांगितलं, चिऊने "हो का" म्हणून पुढचं काम घेतलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

कवठ. याच्यासाठी मी हे सगळं केलं असतं.

अडचण अशी की कार्ड रंगीत व्हायला हवं आणि कवठाला रंगच नाही. पांढरट राखाडी, खरबरीत, दगडासारखं. चिऊ म्हणाली थोडा हिरवा मारू. नियम आठवण करून दिला. मग तिने ते गालाला लावून बघितलं आणि म्हणाली, "पॉलिश पेपर."

हार्डवेअरच्या दुकानात तीन रंगांचे होते, काळा, विटकरी आणि पांढरट राखाडी. राखाडी घेतला, १२० नंबर. पाठीमागून कटरने कापला, तरी पातं चार इंचात बोथट, तुकडा मोडून पुढचं काढावं लागलं. चकती कापून शेजारी खरं कवठ ठेवलं. दोन हातांवरून ओळखू येईना. त्यावर कोरड्या हाताने हलका तपकिरी खडू, देठाची खूण, बस्स.

चकती वरून बिजागरीसारखी लावली, उचलली की आत गर. गरासाठी कागद कॉफीत बुडवला, चुरगाळला, वाळवला, वर खऱ्या मोहरीचे चार दाणे बियांच्या जागी. इतर फळांच्या लाल-हिरव्यात हा एक मातकट गोळा बसला आणि बाकीचे रंग उठून दिसायला लागले. चिऊला हे आवडलं नव्हतं, मग आवडलं.

उरलेल्या खऱ्या कवठात गूळ घालून चटणी केली. आंबट निघालं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वरच्या पानाचं उरलेलं. वेलीची काडी, पान, ताण, आणि वर्तमानपत्राची झडप.

पानाची जागा बदलली, हे इथे नोंदवून ठेवते. वहीप्रमाणे पान घडाच्या समोरच्या बाजूला हवं, पण तिथे ते कार्डाच्या बाहेर जात होतं. मी ते घडाच्याच बाजूला, वर झाकल्यासारखं लावलं. छान दिसतं. चिऊ म्हणाली, "आप्पा म्हणाले होते..." मी म्हटलं, कार्ड आहे, वनस्पतीशास्त्राचा पेपर नाही.

मण्यांवर तो मेणासारखा थर हवा होता. पांढरा रंग जाड दिसला. फळ्याचा खडू बोटावर घासून मण्यावर नुसता टेकवला. चार मण्यांवर बोट फिरवून चकचकीत पट्टा सोडला. माझ्या मते कार्डातला सगळ्यात खरा भाग.

झडपेसाठी पेपरचा तुकडा वरून खाली फाडला, काकांच्या पद्धतीने, सरळ निघाला. चिऊने मुद्दाम बाजारभावांचा रकाना निवडला. खाली दुहेरी टेपचा बारीक ठिपका, उघडता यावी अशी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन भानगडी.

एक, कार्ड मिटेना. फोम टेपचे मणी बाहेरच्या पानावर आहेत, त्यांचा त्रास नाही, पण आत डाळिंबाचे खडे आणि कवठाची झडप मिळून इतकी जाडी झाली की कार्ड मगरीसारखं तोंड उघडून बसतं. घडीजवळ कार्डशीटच्या तीन पट्ट्या एकावर एक चिकटवून आतून कणा उंच केला, आणि उजव्या पानाच्या तीन कडांना तसलीच चौकट. आता मिटतं, डब्यासारखं.

दुसरी, उजव्या पानावर चिऊने सुंदर अक्षरात मजकूर लिहिला, कार्ड मिटून दप्तरातून मैत्रिणीला दाखवायला नेलं, आणि आलं तेव्हा पॉलिश पेपरने निम्मी अक्षरं घासून काढली होती. बरोबरच आहे, तो त्यासाठीच असतो. "पंचाहत्तरी"तलं "पंचा" गेलं, "हत्तरी" राहिलं. रडू, मग हसू.

जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये दोन पानांत झिरझिरीत कागद असतो, तसा बटर पेपर मध्ये शिवला. चिकटवला नाही, शिवला, घडीत तीन टाके. मजकुरासाठी नवा कागद वर लावला. मजकूरही बदलला. आधी "आपल्या आयुष्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त" असं काहीतरी होतं, मीच सांगितलेलं. ते शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमासारखं वाटत होतं. आता चिऊचं :

"आप्पा, यंदाही तुमचा उपवास.
म्हणून केक नाही, कवठ.
उचलून बघा."

पाकीट गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या मार्च महिन्याच्या पानाचं. २०२४ ला महाशिवरात्र ८ मार्चला होती, तो चौकोन बरोबर समोर येईल असं दुमडलं. यंदाचं फेब्रुवारीचं पान वापरायचं होतं, पण दुधाचा हिशेब त्यावर आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

सकाळी लवकर निघालो. त्र्यंबककडे जाणाऱ्यांची गर्दी, आम्ही उलट्या दिशेला, तरी नाशकातल्या द्वारका चौकापाशी अर्धा तास. आप्पांकडे खुडा, म्हणजे द्राक्षांची तोडणी, चालू होता. शेडमध्ये क्रेट रचलेले, बायका घडांतले खराब मणी कात्रीने काढत होत्या. वाढदिवस कुणाच्या लक्षात असल्यासारखं दिसत नव्हतं, आप्पांच्या तर नाहीच.

कार्ड दिलं. आप्पांनी हात धोतराला पुसले. पाकीट उलटसुलट केलं, "हे तर मागल्या सालचं पान." मग कार्ड काढून पहिल्यांदा झडपेवरचे कांद्याचे भाव वाचले, सगळे. "हा कधीचा पेपर?"

"आप्पा, उघडा ना," चिऊ.

उघडलं. चष्मा वर गेला. माझ्या पोटात गोळा. आप्पांनी कार्ड उजेडाकडे तिरकं धरलं, एका मण्यावर नख ठेवलं आणि म्हणाले, "भुरी आलीय ह्याला."

माझा खडू! द्राक्षावर भुरी रोग पडला की पांढरी पूड दिसते, आणि मी सबंध घडावर प्रेमाने तीच लावून ठेवली होती. बायका हसायला लागल्या. एकीने विचारलं, कुठलं औषध मारायचं आता? आप्पांनी उपरण्याच्या टोकाने घड हलकेच पुसला. खडू निम्मा गेला, आणि खरं सांगायचं तर तेवढाच हवा होता.

मग पान. "घड ह्या अंगाला, तर पान त्या अंगाला पाहिजे." चिऊने माझ्याकडे बघितलं. मी क्रेटकडे बघितलं.

मग त्यांनी खिशातून ती भोकांची पट्टी काढली आणि कागदाच्या मण्यावर धरली. "सोळा." जरा थांबून, "बरोबर आहे."

आतलं पान उघडल्यावर मात्र काही बोलले नाहीत. कवठावर अंगठा फिरवला, दोनदा. झडप उचलली, आतला गर बघितला, मोहरीचा दाणा नखाने हलवला. "उपवासाला मोहरी चालत नाही," एवढंच म्हणाले, आणि ज्या आवाजात म्हणाले तो मला माहीत आहे. कार्ड घेऊन घरात गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

निघताना बघितलं, कार्ड देवळीत ठेवलेलं. वर्तमानपत्राची झडप बंद करून तिला स्टेपलरची पिन मारलेली. टेपचा ठिपका त्यांना भरवशाचा वाटला नाही. चिऊ म्हणाली, आता उघडणार कसं? आप्पा म्हणाले, "थंडी आहे अजून."

२ मार्च, रविवार

आप्पांचा फोन, चिऊला. कुणी घरी आलं की पिन काढून घड दाखवतात, मग परत पिन मारतात. चार दिवसांत पेपर पिनांनी चाळणी होऊन फाटला. "नवा कागद पाठव. भाव ताजा बघून."

चिऊने कालचा पेपर घेतला, वरून खाली फाडला. सहा झडपा कापल्या, एक लावायला आणि पाच शिल्लक. पानाचं आप्पांनी सांगितल्याप्रमाणे करून द्यायचं का, विचारलं. नव्या काडीसकट दुसरं पान कापलंय, ते पुढच्या खेपेला जाऊन तिथेच चिकटवू, टूथपिकने.

मोहरीच्या जागी काय? राजगिरा फार बारीक आहे. भगरीचे दाणे कॉफीत बुडवून वाळत ठेवलेत.